उपाधी आणि भातसाचे पाणी

मे. पुं. रेगे (1924–2000) यांनी मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले, तेथेच प्राचार्यपद सांभाळले, ‘नवभारत’ मासिकाचे संपादन केले. परंतु त्यांचा सर्वांत धाडसी उद्योग म्हणजे तत्त्वज्ञ दयाकृष्ण यांच्यासह 1983 मध्ये पुण्यात घडवून आणलेला संवाद. बर्ट्रांड रसेल यांचा विधानविषयक सिद्धांत तेथे न्यायशास्त्राच्या पंडितांपुढे चक्क संस्कृतमधून मांडला गेला. विधान म्हणजे कोणी उच्चारो वा न उच्चारो, खरा किंवा खोटा असणारा आशय; नैयायिकांच्या मते मात्र खरेखोटेपणा हा कोणा ज्ञात्याला झालेल्या ज्ञानाचा धर्म असतो. पूर्वग्रहाच्या चर्चेत हा भेद कळीचा ठरतो, कारण ज्ञात्यालाच वगळले तर पूर्वग्रह शोधायचा कोठे?

न्यायसूत्रांत नदीच्या पुरावरून वरच्या अंगाला झालेल्या पावसाचे अनुमान केले आहे आणि पाणी अडवल्यानेही नदी फुगते, हा आक्षेपही नोंदवला आहे. त्यावर न्यायभाष्यकार वात्स्यायन म्हणतो की पावसाचा पूर वेगवान, फेसाळ, पाने-फळे-लाकडे वाहून आणणारा असतो. ही लक्षणे न पाहता निष्कर्ष काढला तर चूक अनुमानाची नसून अनुमान करणाऱ्याची.

मुंबईच्या पाण्याबाबतही अशीच चूक होते. शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून मुंबईला तिच्या गरजेच्या जवळजवळ निम्मे पाणी मिळते. तेथलाच तानसा तलाव तर 1892 पासून मुंबईची तहान भागवत आहे. पावसाळ्यात वृत्तपत्रांत तलावांच्या पातळीचे आकडे येतात, आणि तिकडे पाऊस झाला हे बरोबर अनुमान करणारा वाचक तिकडे पाण्याला तोटा नाही हेही नकळत मानून बसतो, जरी त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरपुढे हंड्यांची रांग लागत असली तरी. या दुसऱ्या अनुमानातील व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे अपवादरहित साहचर्य, सोपाधिक आहे. सरपण ओले असेल तरच अग्नीला धूर येतो, तसे जलवाहिनी असेल तरच साठलेले पाणी जवळच्या माणसाला मिळते. अशा अनुच्चारित अटीला उपाधी म्हणतात, आणि ज्याच्या बाबतीत ती नेहमीच पुरी होते त्याला ती सहसा दिसत नाही. पूर्वग्रह म्हटला की भगताकडे बोट दाखवणाऱ्या सुशिक्षितांनी हे ध्यानात घ्यावे. बारवी धरणाखाली जमिनी गेलेल्या मुरबाडच्या शेतकऱ्यांना ही उपाधी शिकवावी लागली नाही.

तथापि सोसल्यामुळे दृष्टी निर्दोष होते असेही नाही. मुंबईच्या घराघरांत पाणी खळखळते, असे शहापूरच्या पाड्यावरून वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या अनुमानालाही नळजोडणीचीच उपाधी आहे, आणि मुंबईतल्या कित्येक झोपडपट्ट्यांत ती पुरी होत नाही.