फळ नाही, तरी?

आज नित्यवाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक आला. शाळेत पाठांतराचं बक्षीस मिळालं होतं यावर! पण आज पुढे सरकवेना. डोक्यात डाखाऊ होतं.

म्युनिकजवळ दारूगोळ्याच्या बंद कारखान्यात 22 मार्च 1933 ला ही छळछावणी सुरू झाली. पहिले कैदी बहुतेक राजकीय, कम्युनिस्ट आणि समाजवादी. 12 एप्रिलला चार ज्यू कैद्यांवर गोळ्या झाडल्या. कारण सांगितलं, 'पळत होते.' सरकारी वकील योझेफ हार्टिंगर, डॉक्टर मोरित्झ फ्लाम यांना घेऊन तिथे गेले. जखमा पाहिल्या, सांगितलेलं पटेना. पुढे आणखी मृत्यू होत गेले, हे दोघं तपासत राहिले, लिहीत राहिले. कमांडंट वेकर्लेवर खटल्याचे कागद तयार झाले. वरिष्ठ आधी सहीच करेनात. शेवटी फाईल दडपली गेली. वेकर्लेची फक्त उचलबांगडी झाली, आणि त्याच्या जागी आलेल्या आइकेने हीच छावणी पुढच्या छावण्यांचा नमुना केली.

युद्धानंतर ते कागद सापडले, न्यूरेंबर्गला पुरावा म्हणून कामी आले. हे वाचून मला हायसं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. म्हणजे मला फळ हवंच होतं ना? कागद सापडलेच नसते तर हार्टिंगर वेडे ठरले असते का? 1933 मध्ये तर त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

माझ्यावर कुणी बंदूक रोखलेली नाही. तरी मागच्या महिन्यात अर्धवट तपासलेल्या रिलीजला मी 'ओके' लिहिलं. कोण ऐकणार होतं तसंही?

तो मेल आज पुन्हा उघडलाय. दुरुस्ती टाईप केली आहे. अजून पाठवलेली नाही.