पाठ कोणी पाहिला?

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, नको, हे तुम्हा सगळ्या शिक्षकांचं ऐकून घेतलं. आता माझं ऐका आणि मध्ये बोलू नका. तुमच्यापैकी कित्येकांचे सराव पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिलेत, तेव्हा हा अधिकार मला आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1 सप्टेंबर 2025 ला आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या, शिक्षण हक्क कायद्याआधी लागलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागणार. वीस-पंचवीस वर्षं खडू धरलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसणं जड जातं आणि घर त्या पगारावर चालतं. त्या भीतीला मी नावं ठेवत नाही. दीडशे बहुपर्यायी प्रश्न सुटले म्हणजे शिकवता येतं असं नाही, हेही मान्य. मग शिकवता येतं हे कशानं कळेल, ते सांगा! 2023 मध्ये इथल्या, छत्रपती संभाजीनगरच्या, विभागीय आयुक्तालयानं जिल्हा परिषद शिक्षकांची परीक्षा घ्यायचं ठरवलं, तेव्हा संघटना विरोधात उभ्या राहिल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिक्षक प्रेरणा सर्वेक्षण आलं, त्यावर बहिष्काराची हाक दिली. वर्गात कोणी येऊन बसलं की अविश्वास दाखवला म्हणता. आजवर कोणतं मूल्यमापन तुम्ही स्वतःहून मागितलंत?

वर्गातलीच गोष्ट घ्या. तिसरीला 42 वजा 17 दिलं. मुलानं 35 लिहिलं. तुम्ही लाल फुली मारली, शेजारी 25 लिहिलं आणि पुढची वही ओढली. त्या मुलानं काय केलं ते पाहिलंत का? एककात त्यानं 7 मधून 2 काढले, दशकात 4 मधून 1. मोठ्यातून लहान काढायचं, एवढा एक नियम त्यानं मनाशी पक्का केलाय आणि तो इमानानं पाळतोय. त्यालाच 61 वजा 28 द्या, तो 47 लिहील. महिन्यानं दिलंत तरी 47 च लिहील. हे पोर मठ्ठ नाही. काड्यांचा गठ्ठा सोडून एका दशकाचे दहा सुटे होतात, हे कोणी त्याच्या हातून करवून घेतलेलं नाही. तुमची फुली त्याला चुकलास एवढंच सांगते. कुठं चुकला आणि का चुकला, हे ओळखण्यासाठीच आपल्याला नेमलंय. ते न ओळखता हाच मुलगा पाचवीत जातो, तिथं भागाकारात अडतो, आणि तुम्ही म्हणता, पालक लक्ष देत नाहीत.

तुमची ही उणीव टीईटीच्या गुणपत्रिकेत दिसणार नाही आणि गोपनीय अहवालातही नाही. ती वर्गात बसूनच दिसते.

आणि ज्यांनी वर्गात बसायचं, ते केंद्रप्रमुख! 1994 मध्ये हे पद निघालं ते शिक्षकाला हात देण्यासाठी. राज्यात अशी 4,860 पदं; त्यांतली बरीच वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि एकेकाच्या गळ्यात दोन-दोन केंद्रं पडली, हे ठाऊक आहे मला. पण ज्या दिवशी शाळेत पोचता, त्या दिवशी काय करता? मुख्याध्यापकांच्या टेबलाशी पोषण आहाराची नोंदवही, युडायस, पट, आधार. मग शेरेबुकात एक ओळ: अध्यापनात शैक्षणिक साहित्याचा वापर करावा. कन्नडला हीच ओळ, पैठणलाही हीच. कोणी वापरावं, कोणत्या घटकाला, कोणतं साहित्य? ते लिहायला पाठ पाहावा लागतो.

केनियात 2015 पासून पहिली ते तिसरीच्या वाचनासाठी तुसोमे नावाचा कार्यक्रम देशभर चालला. तिथले तुमच्यासारखेच अधिकारी टॅब घेऊन वर्गात बसायचे, दोन-तीन मुलांना तिथंच वाचायला लावायचे आणि पाठ संपल्यावर शिक्षकाशी बोलायचे. त्यांचा प्रवासखर्च खरोखर पाहिलेल्या वर्गांवरून मिळायचा. मुलांचं वाचन सुधारलं. तो देश काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नाही.

प्रशिक्षणाचं बोलू. नवं शैक्षणिक धोरण वर्षाला पन्नास तास सांगतं. तास भरतात, पण कसे? निष्ठा या ऑनलाइन प्रशिक्षणाचं मॉड्यूल मोबाइलवर चालू ठेवून घरकाम करणारे आणि उत्तरं व्हॉट्सॲपवरून उतरवून प्रमाणपत्र काढणारे या सभागृहात आहेत. बारा वर्षांच्या वरिष्ठ श्रेणीचं, चोवीस वर्षांच्या निवड श्रेणीचं प्रशिक्षण असलं की मात्र कोणी गैरहजर नसतं. श्रेणी घ्या, हक्काची आहे. त्या दिवसांत शिकलेली एक तरी गोष्ट तुमच्या वर्गात पोचली का, याचं उत्तर द्या.

हे दाखवण्यापुरतं शिकणं नोकरी लागल्यावर सुरू होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षक-प्रशिक्षणासाठी न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला, तो महाराष्ट्रातल्याच 291 डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून. पुढे 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, वीस आठवडे शाळेत घालवण्याची अट आली. ते आठवडे घरी बसून लिहिलेल्या पाठ टाचणांनी भरले, तर तो उमेदवार वर्गात पहिल्यांदा चुकणार कुठे? नोकरीत, चाळीस मुलांवर. आणि 2019-20 च्या टीईटीत गैरप्रकार करून पास झालेल्या 7,800 हून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द करावे लागले. त्यांना उद्या मुलांसमोर उभं राहायचं होतं. ही बातमी वाचून मला कित्येक रात्री झोप नव्हती.

अधिकाऱ्यांनो, तुम्हीही मान हलवू नका. शिक्षण अधिकाऱ्यांना नियोजन-प्रशासन शिकवणारी राज्याची मिपा याच शहरात आहे. शिक्षकाला मतदार याद्यांच्या कामासाठी बीएलओ करायचं, रोज नवी लिंक भरायला लावायची, आणि वर्षाअखेरीला गुणवत्ता विचारायची, हे कोणत्या नियोजनात बसतं? वर्ग पाहायला माणूस द्या. त्याला कागदांतून सोडवा. आणि त्यानं दाखवलेली उणीव शिक्षकाला शिक्षा करायला वापरू नका, नाहीतर पुन्हा कोणी वर्गाचं दार उघडणार नाही.

पुढच्या शिक्षण परिषदेला प्रत्येकानं वजाबाकी चुकलेल्या पाच मुलांच्या वह्या आणायच्या. प्रत्येक चुकीशेजारी, त्या मुलानं काय विचार केला असेल, ते पेन्सिलीनं लिहिलेलं हवं. केंद्रप्रमुखांनी तोवर एक पाठ पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बसून पाहायचा आणि त्याच दिवशी त्या शिक्षकाशी बोलायचं. ज्यांच्याकडे वह्या नसतील, त्यांनी उभं राहून कारण सांगायचं. मी पहिल्या रांगेत बसलेली असेन.