छपराला भोक पाडणारे चौघे

मनाच्या आजाराशी झगडणारा माणूस जेव्हा म्हणतो, "माझ्यासाठी प्रार्थना कर," तेव्हा तो नेमकं काय मागत असतो? आणि "हो, करतो" म्हणणारा नेमकी कशाची हमी देतो?

आमच्या ख्रिस्ती घरांत हे वाक्य इतक्या वेळा बोललं जातं की त्याचा विचार कुणी करत नाही. मला तो करावा लागला, कारण ते मला म्हणणारा माझा आतेभाऊ आहे. तो कन्नडला राहतो. त्याला बायपोलर आजार आहे, म्हणजे कधी आठवडाभर झोप नको वाटेल इतकी तेजी, तर कधी अंथरुणातून उठून तोंड धुणंही डोंगराएवढं. लिथियमच्या गोळ्यांवर तो बरा राहतो. त्यासाठी मधूनमधून रक्त तपासावं लागतं आणि साधारण 60 किलोमीटरवर संभाजीनगरला जावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या प्रचारकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "तू बरा झालास. आता गोळी खाल्लीस तर तो अविश्वास ठरेल." त्यानं गोळ्या बंद केल्या. काही आठवड्यांत झोप गेली, मग पैसे गेले, मग ती काळी उतरण सुरू झाली. घरच्यांनी त्या प्रचारकाला फोन केला, तेव्हा उत्तर मिळालं, "त्याचा विश्वास कमी पडला."

मी सॉफ्टवेअर लिहितो. कुठलाही निकाल आला तरी पास होणारी टेस्ट आमच्याकडे टेस्ट धरत नाहीत. रोगी बरा झाला तर श्रेय प्रार्थनेचं आणि नाही झाला तर दोष रोग्याचा, ही तशीच टेस्ट आहे. तिच्यात प्रचारक कधीच हरत नाही. दर वेळी हरतो तो आजारी माणूस. शिवाय डिप्रेशन सगळ्यात आधी आशाच कुरतडतं. त्या माणसाकडे विश्वास मागणं म्हणजे पाय मोडलेल्याला पायऱ्या चढून दवाखान्यात ये म्हणणं.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं हा गुन्हा ठरवला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवणं हाही गुन्हा ठरवला. पण हात न उगारता, गोड आवाजात "गोळी सोड" म्हणणाऱ्याला या यादीत शोधणं अवघड आहे. त्याला रोखायचं काम शेवटी मंडळीतल्या माणसांवरच येतं.

हे फक्त आमच्या धर्माचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. मनाचा आजार घरात जी भाषा असेल ती उचलतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सुरू होतात ती त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून. 1857 च्या धामधुमीत जवळच्या नातलगाला फाशी झाली, त्यानंतर ते वेड जडलं आणि घरात मीठसुद्धा धुऊन घेतलं जाऊ लागलं. तिथे आजार सोवळ्याच्या भाषेत बोलत होता. ख्रिस्ती घरात तोच पापाच्या भाषेत बोलतो. विल्यम कूपर हा इंग्रज कवी, जॉन न्यूटनबरोबर 1779 चा प्रसिद्ध गीतसंग्रह देणारा. त्याची गीतं चर्चमध्ये गायली जात होती, पण 1773 नंतर त्याची स्वतःची खात्री झाली होती की देवानं आपल्याला कायमचं टाकून दिलंय. म्हणजे भक्ती कमी म्हणून आजार होतो, हे गणित त्याच्यापाशीच मोडतं.

मग माझा ऑफिसमधला नास्तिक मित्र म्हणतो, "सरळ सांग ना, प्रार्थनेनं काही होत नाही. डॉक्टर गाठ, विषय संपला." त्याच्याकडे आकडेही आहेत. 2006 साली अमेरिकेत 1802 बायपास रुग्णांवर मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा त्यात काही फायदा दिसला नाही. उलट ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. मी हा निकाल मान्य करतो. लांबून चालवायचं औषध म्हणून प्रार्थना मोजली तर ती नापास होते.

पण माझा भाऊ औषध मागत नव्हता. औषध त्याच्या खिशात होतं. त्याला एकटं राहायचं नव्हतं.

बायबलमध्ये एलीया संदेष्टा खचून रतामाच्या झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. तेव्हा देवदूत त्याला विश्वासाबद्दल झापत नाही. त्याला हलवून उठवतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. आधी झोप आणि जेवण, बोलणं नंतर.

आणि मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला तो लुळा माणूस. गर्दीमुळे आत जाता येईना, म्हणून चौघांनी छप्पर उकरलं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं. तिथे लिहिलंय की येशूनं *त्यांचा* विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसानं तोपर्यंत एक शब्दही उच्चारल्याची नोंद नाही. त्याच्याकडे विश्वास होता की नव्हता, कुणी तपासलं नाही. जे चौघे धडधाकट होते, त्यांनी आपला विश्वास खांद्यावर वाहिला.

मला वाटतं, उत्तर इथे आहे. प्रार्थनेचं ओझं करणाऱ्यानं वाहायचं असतं. ज्याच्यासाठी करतो त्याच्या गळ्यात ते घालायचं नसतं. "प्रभू, याला झोप लागू दे" असं रात्री म्हणणाऱ्यानं सकाळी फोन करून "झोपलास का? गोळी घेतलीस का?" विचारायचं. तपासणीच्या दिवशी संभाजीनगरच्या एसटीत शेजारी बसायचं. हे केलं नाही, तर ते शब्द म्हणजे जबाबदारी वर सरकवून मोकळं होणं आहे.

काही गोष्टी टाळायच्याही. त्याचं नाव आणि आजार प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, कारण तिथे विनंतीची चर्चा व्हायला वेळ लागत नाही. त्याच्यासमोर पापांची यादी वाचायची नाही. आणि आधी विचारायचं, "आज प्रार्थना करू, की नुसता बसू?" ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

यातून तो बरा होईलच का? माहीत नाही. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही. तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकातून कुणी काढून टाकलं नाही. बरं न वाटताही देवाशी बोलता येतं, भांडताही येतं, ही मोकळीक मला महत्त्वाची वाटते. डॉक्टरची चिठ्ठी शर्टाच्या खिशात असताना तर नक्कीच.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, आणि रात्री काही सुचत नसेल, तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं. प्रार्थना करणारे असाल तर फोन लावून दिल्यावर करा, नसाल तर नुसते जवळ बसा. बाजेला चार कोपरे असतात आणि उचलणाऱ्यांचा धर्म तिथे कुणी विचारला नव्हता.