मँचेस्टरचा इराणी गालिचा

गालिच्यात पूर्व-पश्चिमेचा संगम झाला, असं म्हणायला छान वाटतं. या संगमाची बिलं कुणी फाडली, हा प्रश्न मात्र गिरणगावात बसूनच विचारावा. लालबाग-परळला मँचेस्टर हे नाव नवं नाही. इथल्या गिरण्यांचं कापड लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्याच मुलखाच्या, डोळ्यांत खुपलं, म्हणून १८९६ साली त्यावर ३.५ टक्के अबकारी कर बसला. तो सुटायला १९२५ची अखेर उजाडली.

त्याच मँचेस्टरची झीग्लर कंपनी इराणात छापील सुती कापड विकायची. विक्रीचा पैसा मायदेशी न्यायचा, तर बदल्यात काहीतरी माल हवा. तो माल म्हणजे गालिचे. १८८०च्या दशकात कंपनीने सुलतानाबादेत, म्हणजे आजच्या अराकमध्ये, बस्तान मांडलं. बायका घरच्या मागावर विणत आणि नक्षी कंपनी ठरवी. इराणी खोलीत मधोमध एक लांबट गालिचा, दोन्ही अंगांना अरुंद पट्टे आणि वरच्या बाजूला एक आडवा, अशी मांडणी असे. लंडनच्या दिवाणखान्याला एकच ऐसपैस हवा होता. मग मापं बदलली, रंग मवाळ झाले, नक्षी मोठी नि विरळ झाली, आणि माल ‘पर्शियन’ म्हणूनच खपला. त्याला नकली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोपरा उलटून पाहिला, तर सुती ताण्यावर एकेक गाठ हातानेच मारलेली दिसते.

पुढे इराणातल्याच अर्दबीलच्या दर्ग्यातले दोन जुने, विरलेले गालिचे याच कंपनीने घेतले. एकाचे तुकडे लावून दुसरा सांधला गेला. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून लंडनच्या संग्रहालयाने तो १८९३ साली २००० पौंडांना विकत घेतला. त्यावर मकसूद काशानीचं नाव आणि हिजरी ९४६ हे साल विणलेलं आहे. (आमच्याकडे ताग्याच्या काठावर गिरणीचा शिक्का असे, साचेवाल्याचं नाव कुठलं?)

झीग्लरच्या नेमकं उलट मागणं होतं जॉर्ज बर्डवूड यांचं. ते मुंबईच्या संग्रहालयाचे क्युरेटर होते. राणीच्या बागेतलं आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय उभं राहावं म्हणून त्यांनी भाऊ दाजींच्या बरोबरीने खटपट केली. १८८०च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हिंदुस्थानातल्या तुरुंगांत विणल्या जाणाऱ्या स्वस्त गालिच्यांवर तोंडसुख घेतलं. कैद्यांच्या फुकट मेहनतीपुढे स्वतंत्र विणकर टिकणार कसा, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण कारागिराने वाडवडिलांची नक्षीच गिरवत राहावी, हा त्यांचा हट्ट मला ग्राहकाचाच वाटतो. पसंती उच्च, एवढाच फरक. झीग्लरला नवं हवं होतं, बर्डवूडना जुनं. मागावर बसलेल्या बाईला दोन्हीकडून हुकूमच यायचे, आणि त्यातला झीग्लर निदान मजुरी तरी देत होता.