जिभेचा चमत्कार की कानाचा?

नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात पेंटेकॉस्टचा, म्हणजे वल्हांडणानंतरच्या पन्नासाव्या दिवसाचा प्रसंग आला आहे. येशूचे शिष्य पवित्र आत्म्याने भारले जाऊन बोलू लागले आणि जेरुसलेममध्ये जमलेल्या पार्थी, मेदी, क्रेती, अरब अशा नाना देशींच्या लोकांना ते आपापल्या भाषेत ऐकू आले, असे तेथे सांगितले आहे. शिष्य खरोखरच अनेक भाषा बोलले, की एकच उच्चार प्रत्येकाच्या कानी त्याच्या भाषेचे रूप घेऊन पोहोचला, हा प्रश्न चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने उपस्थित केला. दुसरा पक्ष मानल्यास चमत्कार बोलणाऱ्यांचा न राहता ऐकणाऱ्यांचा ठरतो, म्हणून त्याने पहिला पक्ष स्वीकारला, आणि तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसनेही 'सुम्मा थिओलॉजिका'त त्याच बाजूने कौल दिला. एका माणसाला किती भाषा अस्खलित बोलता येतात, हा प्रश्न आता बहुधा कुतूहलापोटी विचारला जातो. परंतु अस्खलितपणा हा बोलणाऱ्याचा गुण मानायचा की बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये घडणारी गोष्ट मानायची, हे ठरल्याशिवाय त्याची मोजणी सुरूच होत नाही.

या संदर्भात ज्याचे नाव सर्वाधिक घेतले जाते तो जुझेप्पे मेझोफान्ती १७७४ मध्ये इटलीतील बोलोन्या शहरी एका सुताराच्या घरी जन्मला. धर्मगुरूपदाची दीक्षा घेऊन तो तेथील विद्यापीठात अरबी शिकवू लागला, पण नेपोलियनच्या स्वाऱ्यांतून उभ्या राहिलेल्या नव्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेण्यास त्याने नकार दिल्यामुळे ती जागा त्याच्या हातून गेली. त्याच युद्धांनी बोलोन्याची रुग्णालये जर्मन, हंगेरियन, स्लाव सैनिकांनी भरून टाकली होती, आणि मरणाच्या दारात असलेल्या या परक्यांचे पापनिवेदन ऐकणे हे त्याचे काम होते. पापनिवेदन हा कॅथलिक पंथाचा संस्कार आहे. त्यात श्रद्धावंत आपली पापे धर्मगुरूला एकांतात सांगतो आणि त्याच्याकडून क्षमेचे शब्द ऐकतो. अनोळखी भाषेचा रुग्ण समोर आला, की मेझोफान्ती त्याच्याकडून प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा असे पाठ असलेले मजकूर पुन:पुन्हा म्हणवून घेई आणि, अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे, त्यांतून त्या भाषेची घडण व लय पकडत जाई, असे सांगतात. पुढे तो रोमला गेला, व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचा प्रमुख झाला, १८३८ मध्ये कार्डिनल झाला आणि १८४९ मध्ये वारला.

आयर्लंडमधील धर्मगुरू चार्ल्स विल्यम रसेल याने १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेझोफान्तीच्या चरित्रात भाषांची प्रतवारी लावली आहे. उत्तम रीतीने बोलल्या जाणाऱ्या ३० भाषा पहिल्या प्रतीत येतात. त्याखाली उतरत्या क्रमाने इतर प्रती लागतात आणि शेवटी केवळ पुस्तकांतून अभ्यासलेल्या भाषा येतात, अशी एकूण बेरीज ७२ होते. बायबलमधील बाबेलचा मनोरा अपुरा राहिल्यावर जगात ७२ भाषा झाल्या, अशी मध्ययुगीन ख्रिस्ती परंपरेतील समजूत होती. हा योगायोग असेलही, तरी यादी लांबवण्याच्या मोहाकडे तो बोट दाखवतो. रसेलने साक्षीपुरावे कसोशीने गोळा केले; मात्र त्यांतील बरेच साक्षीदार मेझोफान्तीशी थोडा वेळ सौजन्याचे संभाषण करून निघून गेलेले प्रवासी होते, आणि क्षेमकुशलापुरते बोलणे निर्दोष असले तरी त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

पापनिवेदनाची कसोटी याहून फार कठीण आहे. लाजेने अर्धवट सोडलेले वाक्य, आडवळणाचा शब्द, स्वतःचा दोष दुसऱ्यावर ढकलणारी क्रियापदाची योजना हे सारे ऐकणाऱ्याला त्या क्षणी उमगावे लागते, कारण त्यावर त्याचा निर्णय आणि सांगणाऱ्याचे समाधान अवलंबून असते. या कसोटीवर भाषा येणे म्हणजे प्रामुख्याने ऐकता येणे, आणि ग्रेगरीने बाजूला सारलेला कान येथे पुन्हा मध्यभागी येतो.

पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या वैयाकरण भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त वाणीच्या तीन अवस्था सांगितल्या: कानाला ऐकू येणारी वैखरी, मनात क्रमाने जुळणारी मध्यमा आणि जिच्यात क्रम अजून उमटलेलाच नाही ती पश्यंती. (मराठी वाचकाला ओळखीची चौथी, परा, ही पुढच्या काळातील भर आहे.) भाषांची मोजदाद करणारा मुख्यतः वैखरी मोजत असतो; पश्यंतीच्या ठायी एक भाषा आणि दुसरी भाषा असा भेद कसा करावा, हेच सांगता येणार नाही. यावरून सर्व भाषा आतून एकच, असा सोयीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण शब्दाच्या संगतीवाचून ज्ञान होत नाही, असेही भर्तृहरीच सांगतो. हंगेरियन सैनिकाचा पश्चात्ताप हा आधी नि:शब्द असून मग हंगेरियनचा सदरा चढवतो, असे म्हणणे त्याच्या मतात बसत नाही.

शरीरशास्त्राकडूनही संख्या मिळत नाही. चीनमध्ये दुभाषी म्हणून काम केलेला बहुभाषी जर्मन एमिल क्रेब्स १९३० मध्ये वारला. त्याच्या जतन केलेल्या मेंदूच्या तपासणीत वाणीशी संबंधित भागाची रचना वेगळी आढळली, परंतु ती जन्मजात होती की सरावाने घडली, हे तेवढ्यावरून ठरत नाही. खरी मर्यादा बहुधा दिवसाच्या तासांची आणि सोबत असलेल्या माणसांची आहे. रोममध्ये मेझोफान्तीला धर्मप्रसार संस्थेच्या महाविद्यालयात देशोदेशींचे विद्यार्थी रोज भेटत. तेथेच त्याच्या भाषा वापरात राहत.

उलट बाजूचे उदाहरण गोव्यात आहे. १५७९ मध्ये तेथे आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाच्या भाषा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पण १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले त्याचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे आणि ते लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर पुराणश्रवणाची सवय असलेला श्रोता होता. अशा ग्रंथाच्या तोडीचे काही मेझोफान्तीने एकाही भाषेत मागे ठेवले नाही. त्याचे बोलणे ज्यांच्यासाठी होते, त्यांच्यापाशीच ते संपले.