संस्कार कोणी कोणावर करावयाचे?

सिल्वासाच्या टोकरखाड्यात तरुणांसाठी एखादी सेवासंस्था चालवावयाची म्हटले, की 'यांच्यावर चांगले संस्कार केले पाहिजेत' हे वाक्य प्रथम आमच्या ओठांवर येते. त्यात दडलेला अहंकार आम्हांस उशिरा उमगतो. धान्याला कणसरी माता मानणाऱ्या वारली घरात वाढलेला मुलगा संस्कारहीन कसा?

शेजारच्या डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ साली आपले कार्य नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाच्या श्रमाचा मान राखणे, हाच तेथील शीलाचा पहिला धडा. माणूस माणसांमुळेच माणूस होतो, हा आफ्रिकेतील 'उबुंटू' विचारही याहून निराळा नाही.

मग परंपरेतील सारेच ग्राह्य मानावयाचे काय? नव्हे. व्यसन वा अंधश्रद्धा दिसता गप्प बसणे, हीदेखील उपेक्षाच. परंतु कारखान्याच्या पाळीवरून थकून आलेल्या तरुणाची वेळ ज्याने सांभाळली नाही, त्याचे घर ज्याने जाणले नाही, त्याने उपदेश कोणत्या अधिकाराने करावा? आधी आपण त्याच्यापाशी शिकावे. शिकविण्याचा अधिकार त्यानंतरचा.