रक्त म्हणजे पाणी नव्हे

नागपुरात मनीषनगरच्या रेल्वे फाटकाशी ज्यांनी उन्हाळे काढले, त्यांना तुंबणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. फाटक पडलं की दुचाक्या, ऑटो, स्कूलबस एकमेकांत अशा घुसत, की गाडी निघून गेल्यावरही गुंता सुटत नसे. रक्ताचंही तसंच. एखाद्या कोपऱ्यात जरा रेंगाळलं की गोठू लागतं, आणि ती गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. बरं, अरुंद फटीतून जोरात ढकलावं, तर तांबड्या पेशी फुटतात. रक्त पातळ ठेवण्याचं औषध द्यावं, तर रक्तस्रावाची धास्ती. कृत्रिम हृदय घडवणाऱ्यांची खरी झुंज याच्याशी आहे.

हृदय म्हणजे पंप, असं आपण शाळेत शिकलो. मिनिटाला पाचेक लिटर. विहिरीवरची मोटर याहून कितीतरी जास्त ओढते. पण मोटर बंद ठेवून दुरुस्त करता येते. हृदयाचे ठोके दिवसाला लाखभर, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. रक्त ढकलताना इतक्यांदा दुमडूनही न फाटणारा पडदा आणायचा कुठून? डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेत बार्नी क्लार्क यांना 'जार्विक-७' हे कृत्रिम हृदय बसवलं. ते ११२ दिवस जगले, पण नळ्यांनी एका अवजड हवेच्या यंत्राला बांधलेले.

ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल टिम्स यांनी पडदाच काढून टाकला. प्लंबर वडिलांच्या मदतीने त्यांनी सुरुवातीचे नमुने घडवले. त्यांच्या 'बायवॅकोर' या कृत्रिम हृदयात चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरणारी एकच चकती आहे. घासायला काही नाही, म्हणून झिजायलाही नाही. उजवीकडून फुप्फुसांत जास्त रक्त गेलं तर ती भरून येतात. म्हणून ही चकती किंचित सरकून दोन्ही बाजूंचा तोल सांभाळते. ही युक्ती मला फार मोठी वाटते. जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टनला ते पहिल्यांदा माणसाच्या छातीत बसलं. तरीही वीज पुरवणारी तार कातडीतून बाहेर येतेच, आणि तिथूनच जंतू शिरतात. नागपूरच्या मे महिन्यात, घामाने चिंब अंगावर, वीज गेलेली असताना बॅटरी सांभाळणाऱ्या माणसाचं काय? या यंत्राची कसोटी इथे व्हायला हवी.

आज तरी असं हृदय मुख्यतः दात्याचं हृदय मिळेपर्यंतचा आधार आहे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच, माणसाचं हृदय माणसाला पहिल्यांदा बसवणाऱ्या बर्नार्ड यांच्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हृदयरोपण करून पाहिलं होतं. रुग्ण काही तासच जगला. आता ती शस्त्रक्रिया रुळली आहे. हृदयंच कमी पडतात. काढलेलं हृदय बर्फात चारेक तासच टिकतं. म्हणून नागपुरातून बाहेरगावी जाणाऱ्या हृदयासाठी विमानतळापर्यंत रस्ता मोकळा करतात.

पण हृदय नेणारी ती गाडी निघते दात्याच्या घरच्यांनी होकार दिल्यावरच. मेंदू मृत झाल्यावर निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो. तुमची इच्छा असेल, तर आज रात्री जेवताना घरच्यांना सांगून ठेवा.